पायलट कर आणि ये

पुण्याहून मावसभाऊ यायचा होता. फोनवर त्याला म्हटलं, "पणजीला कदंब बसस्टँडवर उतरलास की पायलट कर आणि ये." पलीकडून आवाजच येईना. मग म्हणाला, "तू मंत्री कधी झालास?"

त्याचंही बरोबर. त्याच्याकडे पायलट म्हणजे विमान चालवणारा, नाहीतर मंत्र्यापुढे भोंगा वाजवत पळणारी गाडी. सरकारी योजनाही आधी 'पायलट' म्हणून येतात (आणि बऱ्याचशा तिथेच संपतात). आमच्या गोव्यात मात्र पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन "पात्रांव, खंय?" (मालक, कुठे?) विचारतो तो पायलट. भाडं बसण्याआधी ठरवायचं. चढ लागल्यावर घासाघीस करणं प्रकृतीला बरं नव्हे.

माझं ऑफिस आल्तिनोच्या टेकडीवर. पावसात एका हातात छत्री, दुसऱ्यात डबा, आणि धरायचं कुठे? पायलटचा खांदा धरला तर फार सलगी होते. मागची कडी धरली तर डबा कुणी धरायचा? शेवटी डबा आमच्या दोघांच्या मध्ये जातो. चढावर मी मागे घसरतो, ब्रेक लागला की पुढे आदळतो, आणि ऑफिसात पोचेपर्यंत हुमण (माशाची आमटी) आणि भात वेगळे राहिलेले नसतात. पायलटसाहेब मात्र हेल्मेटात फोन खुपसून बायकोशी मासळीबाजारातल्या बांगड्यांच्या भावावर बोलत असतात.

तरी माझं मत पक्कं आहे, खरा पायलट हाच. शब्द मुळात जहाजावरचा; विमानवाल्यांनी तो फार उशिरा उचलला. आमच्या वास्को शहराशेजारच्या मुरगाव बंदरात जहाज आत घ्यायचं तर आजही बंदराचा पायलट शिडीने वर चढतो. सात समुद्र पालथे घातलेला कप्तान तिथे निमूट त्याचं ऐकतो, कारण पाणी कुठे किती खोल ते त्याला ठाऊक. खुद्द वास्को द गामाने १४९८ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाट दाखवायला पायलट घेतला, तेव्हा कुठे तो कालिकतच्या किनाऱ्याला लागला. भाडं आधी ठरवलं होतं की नाही, देव जाणे. आमचा पायलटही कुठली गल्ली एकमार्गी, कुठल्या खड्ड्यात किती पाणी, हे न बघता सांगतो.

एकदा भर चढावर मी हे सगळं माझ्या पायलटला उत्साहाने ऐकवलं, वास्को द गामासकट. त्याने करकचून ब्रेक मारला.

"वास्को? तें खूब पयस. तुमी बशीन वचात." (ते फार लांब. तुम्ही बसने जा.)