‘सुटाबुटातले दलाल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो नाही ते बरं झालं, नाहीतर चार शब्द जास्तीचे गेले असते. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली तेव्हा जाणवलं, की तुमच्या तीन मुद्द्यांपैकी निदान दीड मुद्दा मला मुकाट्याने मान्य करावा लागणार आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उद्योजकांच्या संघटना राज्याची धोरणं घडवण्यात हात घालतात आणि ते दर वेळी वाईटच असतं असं नाही, असं मी लिहिलं होतं. दाखला होता २००६ सालच्या पुण्यातल्या विजेचा. त्यावर तुमचं म्हणणं असं : या संघटना म्हणजे सुटाबुटातले दलाल, पुण्यात दिवे लागले तेव्हा तुमच्या गावी दहा-दहा तास अंधार होता, आणि तुम्ही पुण्याशेजारच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं लेथ मशीनवर काढलीत, पण एकाही चेंबरने, म्हणजे उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संघटनेने, तुम्हाला कधी काही विचारलं नाही.

विजेपासून सुरू करतो, कारण तिथे मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे.

तेव्हा राज्यभर तुटवडा होता आणि पुण्यातही रोज लाइट जायची. सीआयआय या उद्योगांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या पुण्यातल्या मंडळींनी हिशेब मांडला, की शहराला साधारण शंभरेक मेगावॉट कमी पडतात आणि जवळपास तेवढ्याच क्षमतेचे जनरेटर कारखान्यांच्या आवारात उभे आहेत, लाइट गेली तर असावेत म्हणून. मग गर्दीच्या वेळी कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर लावायचे, महावितरणकडून तेवढी वीज कमी उचलायची आणि ती शहराला मिळू द्यायची. आता डिझेलची वीज महाग. वरचा खर्च भरायचा कोणी? तर पुणेकरांनीच. महिन्याला ३०० युनिटच्या वर वापर असणाऱ्याला युनिटमागे ४२ पैसे जादा, त्याच्या आतल्यांना काही नाही.

यात तुमच्या गावाच्या वाट्याची वीज काढून पुण्याला दिलेली नव्हती. एवढ्यावर मी ठाम आहे. आणि मला ही योजना आवडली ती दिवे लागले म्हणून नव्हे. ती विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे गेली, आकडे उघड्यावर आले, ‘प्रयास’सारख्या ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्या अभ्यासगटाने ते तपासले, आणि ज्याला हरकत घ्यायची त्याला घ्यायची सोय होती. उद्योगांची मागणी, पण चावडीवर मांडलेली.

तरीही तुमचा खरा सवाल त्या मेगावॉटच्या पलीकडचा आहे, हे दुसऱ्यांदा वाचताना कळलं. पैसे मोजले की अंधार टळतो, या गोष्टीवर सरकारी शिक्का बसला. ज्याच्या मोटारीला रात्री दोन वाजता वीज येते त्या शेतकऱ्याकडे ना जनरेटर, ना त्याच्या वतीने तक्ते करून आयोगापुढे बसणारं कोणी. याला माझ्याकडे उत्तर नाही. लेखात मी हा प्रश्न घेतलाच नाही, ही चूक माझी. दीडातला एक इथे संपला.

आता ‘दलाल’. हा शब्द मला जड जातो, कारण मी स्वतः काही काळ तो धंदा केलाय! एका छोट्या औद्योगिक संघटनेच्या समितीवर होतो, नाव सांगत नाही. एकदा आम्ही पाच जण निवेदन घेऊन मुंबईला गेलो. पुष्पगुच्छ, फोटो, सगळं यथासांग झालं. संबंधित कक्ष अधिकाऱ्याने निवेदन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “मागणी समजली. पण शासन निर्णयातलं नेमकं कुठलं वाक्य बदलायचं, ते लिहून आणलंय का?” आणलं नव्हतं. पुढच्या खेपेला घेऊन गेलो, तर म्हणाले, “श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये नको, युनिकोडमध्ये द्या, म्हणजे टिप्पणीत तसंच घेता येईल.” सात-आठ महिन्यांनी परिपत्रक निघालं. त्यात आमचं वाक्य होतं, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट. मला त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

भीती अशासाठी, की कोणी लाच दिली नव्हती, कोणी कोणाला ओळखतही नव्हतं. फाइलवर काम करणाऱ्या माणसाला तयार मजकूर हवा होता आणि तो फक्त आम्ही नेला. संघटनांचं खरं बळ मला यात दिसतं. मोठ्या चेंबरकडे हे करायला पगारी माणसं असतात. पुण्याचं मराठा चेंबर १९३४ पासून आहे, मुंबईचं बॉम्बे चेंबर तर १८३६ पासून. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदर चालवणाऱ्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टवर आपले विश्वस्त निवडून पाठवायचा हक्क व्यापारी चेंबरांना कायद्यानेच होता. म्हणजे दारामागून शिरायची गरजच नव्हती, खुर्ची राखलेली होती.

हेच बळ दारामागे वापरलं की काय होतं, ते तुमच्या बाजूने मीच सांगतो. मुंबईत ‘बॉम्बे फर्स्ट’ या बड्या उद्योगांच्या पाठिंब्यावरच्या संस्थेने २००३ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीकडून ‘व्हिजन मुंबई’ हा अहवाल करून घेतला. झोपडपट्टीतल्या लोकांचं प्रमाण ५०-६० टक्क्यांवरून १०-२० टक्क्यांवर आणायचं, हे त्यातलं एक लक्ष्य. सरकारने त्यावर मुख्य सचिवांच्या हाताखाली कृतिदल नेमलं. विजेचा दर चार पैशांनी वाढवायचा तर सुनावणी लागते. निम्म्या शहराच्या घरांबद्दलच्या या अहवालावर हरकत नोंदवायला कायद्याने ठरवलेली तशी खिडकी नव्हती.

आणि एलबीटी, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा ‘स्थानिक संस्था कर’. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत याचं नवल वाटलं, कारण माझ्याविरुद्ध सगळ्यात चांगला पुरावा तोच आहे. १ एप्रिल २०१३ ला पुण्यात जकात जाऊन एलबीटी आला. व्यापारी महासंघांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. इन्स्पेक्टर दुकानात येऊन वह्या तपासणार, ही धास्ती खोटी नव्हती. छोट्या दुकानदाराला ती खरोखर होती. सरकार बदललं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला. उरलेला २०१७ मध्ये जीएसटीत विरला. महापालिकांच्या तिजोरीतला खड्डा राज्याने अनुदानातून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून भरला.

पण गंमत पुढेच आहे. माझ्या भाच्याने पुण्यात फ्लॅट घेतला. दस्त नोंदणीच्या आधी वकिलाने पाकिटाच्या पाठीवर हिशेब लिहून दिला : ५ अधिक १ अधिक १, एकूण ७ टक्के. पाच मुद्रांक शुल्काचे, एक मेट्रोचा. “आणि हा एक?” “एलबीटीचा.” भाचा माझ्याकडे बघतो, मी वकिलाकडे. दुकानदाराचा एलबीटी गेला, घर घेणाऱ्याच्या मुद्रांकावरचा त्याचा १ टक्का तसाच राहिला. साठ लाखांच्या घरावर साठ हजार रुपये. घर घेणाऱ्यांचा महासंघ नाही, ते बंद पाळू शकत नाहीत, आणि आयुष्यात एकदाच त्या कचेरीत जातात.

राहिला तिसरा मुद्दा, तुम्हाला कोणी विचारलं नाही हा. खरंय. चेंबरची वर्गणी कंपनी भरते, लेथवरचा माणूस नाही. दहा-बारा कामगारांचं जॉबवर्क करणाऱ्या तुमच्या मालकालाही बहुधा कोणी विचारलं नसेल; मोठ्या कंपनीने तीन महिने बिल थकवलं की तो कुठे तक्रार करणार, ज्या चेंबरवर ती कंपनी बसलीय तिथेच? पण ‘म्हणून या संघटनांनी सरकारशी बोलूच नये’ इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येत नाही. भोसरीत सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते, ती विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून. असल्या गोष्टी कारखानदारांशी न बोलता कोणी ठरवल्या, तर त्यात पहिला तुमचाच आठवडा विस्कटेल. अर्थात गुरुवारी बायकोला सुट्टी नाही, पोरांना शाळा, हे त्या हिशेबात कोणी धरलं नव्हतं, हेही तुम्ही मला ऐकवाल. ऐकवा. हा उरलेला अर्धा मुद्दा.

मूळ लेखात ‘पुण्याने अंधारावर मात केली’ असं वाक्य होतं. ते काढून ‘पुण्याने पैसे मोजून भारनियमन टाळलं’ असं केलंय.

आणि एक विनंती. २००६ मध्ये तुम्ही भोसरीतच होतात. जनरेटर चालू करायचा निरोप वर्कशॉपवर कसा यायचा, शिफ्टमध्ये काय बदललं, धूर आणि आवाज किती, आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं का की हे शहरासाठी चाललंय, एवढं लिहून पाठवा. लेखाच्या खाली जसंच्या तसं टाकतो.