सरांनी पाठवलेला फॉर्म

मागच्या आठवड्यात आईनं सांगलीहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक गुगल फॉर्म पाठवला, म्हणाली तू पण भर, गल्लीत सगळ्यांनी भरलाय. कॉलेजचा सर्व्हे, २०१९ च्या महापुरानंतर लोकांनी संसार परत कसा उभा केला त्यावर. विषय चांगलाच आहे, कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांचं कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं. पण पहिलाच प्रश्न मोबाईल नंबर, मग जात, उत्पन्न, कर्ज किती आणि कुणाकडून, आणि हे कोण विचारतंय, किती दिवस ठेवणार, नंतर नको वाटलं तर कुणाला सांगायचं, याचं एक अक्षर नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहते. इथं विद्यापीठाचा सर्व्हे आला की हे सगळं आधी सांगतात. तीन पानं असतात, मीही कितीदा न वाचता टिक केलंय, म्हणजे इथलं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. पण विचारणारा अनोळखी असतो, नको म्हणायला जड जात नाही.

आईला विचारलं का भरलास, तर म्हणे, "अगं सरांनी पाठवलाय, नाही कसं म्हणायचं?" ही संमती नाही, भीड आहे.

भाऊ चिडला. "ताई, तिकडचे नियम इकडं नको लावू, सर्व्हे करणाऱ्या पोरांचं अख्खं वर्ष परवानगी देणाऱ्या कमिटीच्या कागदातच जाईल." त्याचं अगदीच चूक नाही, आणि आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यातही संशोधनाला बरीच सूट आहे, म्हणूनच मला वाटतं हे सरांनीच बघायला पाहिजे. मराठीत चार ओळी लिहायला वर्ष लागत नाही.

"नाव कुठं विचारलंय?" असंही तो म्हणाला. अरे, गल्ली, जात, वय, हळदीच्या पेठेत हमाली आणि सावकाराचं कर्ज एवढं लिहिलं की नाव कशाला लागतंय, अख्खी गल्ली ओळखते!

आणि एकानं भरलं की चौघांचं जातं. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेली त्या वेळी एका विद्यापीठातल्या संशोधकाचं अ‍ॅप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलेलं, पण ते त्यांच्या फेसबुक मित्रांचीही माहिती उचलायचं, त्यामुळे फेसबुकच्याच अंदाजानं माहिती जाऊ शकली ५,६२,४५५ लोकांची. आईनंही शेजारच्या काकूंना लिहिता येत नाही म्हणून त्यांचा फॉर्म भरून दिला, कर्जासकट.

काल तिचा परत फोन. काकू म्हणतायत ते कर्जाचं काढून टाकता येईल का. मी फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा बघितला, विचारायचं कुणाला तेच कुठं लिहिलेलं नाही.