बेल वाजवू नये, आत शाळा भरली आहे

आमच्या नारायण पेठेतल्या घराच्या दारावर तीन पाट्या आहेत. पहिली दुपारी एक ते चार या वेळेसंबंधी, दुसरी विक्रेत्यांसाठी आणि तिसरी, पहिल्या दोन वाचूनही बेल वाजवणाऱ्यांसाठी. असा बंदोबस्त असलेल्या घरात जून २०२० मध्ये दुसरीचा अख्खा वर्ग, म्हणजे अडतीस मुले, त्यांच्या पाठीमागे दबा धरून बसलेले पालक आणि एक बाई, एकही पाटी न वाचता मोबाइलमधून थेट आत आला.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे सरकार म्हणत होते. ते नेमके कोणत्या भिंतीपुढे सुरू ठेवायचे, हा निर्णय मात्र आमच्यावर सोडलेला होता आणि त्यावर घरात दोन दिवस खल झाला. पहिल्या भिंतीला ओल होती. दुसरीवर कॅलेंडर होते, ज्यात दूधवाल्याचे खाडे आणि किराणा दुकानाची उधारी एकाच शाईत मांडलेली होती. 'हे अडतीस घरांना कळायलाच हवे का?' या पत्नीच्या प्रश्नावर ती भिंत बाद झाली. उरली देवघराशेजारची. तिथे चिरंजीव गणवेशाचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी अशा वेषात, डब्यांच्या उतरंडीला टेकवलेल्या माझ्या मोबाइलपुढे बसू लागले. बाईंचाही मोबाइल त्यांच्या घरी डब्यांनाच टेकवलेला असावा, कारण अधूनमधून तो घसरे आणि मग काही काळ वर्गाला छताचा पंखा शिकवी.

जुलैमध्ये केंद्र सरकारने मुलांच्या डोळ्यांची काळजी घेऊन सूचना काढली, की पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त दोन ऑनलाइन तासिका असाव्यात, त्याही प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या. त्यातली पहिली दहा मिनिटे 'बाई, आवाज येत नाही' या सामुदायिक प्रार्थनेत जात. पुढे बेरीज रंगात येई, एकक स्थानचे उत्तर निघे आणि नेमक्या त्याच वेळी फुकटातल्या खात्याची चाळीस मिनिटे संपून वर्ग नाहीसा होई. हातचा एक तसाच हातात राही.

खरा पेच आला तो आमच्या वडिलांमुळे, म्हणजे नानांमुळे. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही वाचन आले होते. जोडाक्षरे असलेले संख्यानाम मुलांना अवघड जाते, हा त्यामागचा विचार आणि तो मला तरी अगदीच चुकीचा वाटत नाही. नानांना वाटतो. बाईंनी ५७ हा आकडा दाखवला, चिरंजीव 'पन्नास सात' म्हणाले आणि कॅमेऱ्याबाहेरून आरोळी आली, "सत्तावन्न म्हण! स-त्ता-व-न्न!" यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही बरोबर आहे. आणि आपण हात वर करून बोलूया." पोस्टातून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून खरोखरच हात वर करायला सुरुवात केली. पुस्तकातल्या क्यूआर कोडला मात्र ते अखेरपर्यंत रांगोळीच म्हणत राहिले. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून 'टिलीमिली' सुरू झाली, तेव्हा 'दूरदर्शनवर आहे म्हणजे नक्कीच विचार करून केलेले असणार' असा अभिप्राय देऊन ते आठवीपर्यंतचे सर्व पाठ पाहू लागले.

माझी स्वतःची अप्रतिष्ठा एका गुरुवारी झाली. गुरुवारी वीज जाणे ही पुण्याची जुनी रीत, त्यामुळे राउटर बंद होता आणि माझ्या मोबाइलचा डेटा सुरू करण्याच्या धांदलीत माइकही सुरू झाला, हे माझ्या लक्षात आले नाही. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून पडवळाच्या भाजीविषयीची माझी मते, ती भाजी कोणाच्या माहेरी आवडते या तपशिलासह, सविस्तर मांडली. बोलून झाल्यावर शांतता पसरली. मग बाईंचा आवाज आला, "बाबा, आपला माइक सुरू आहे." पुढच्या सोमवारी 'माझी आवडती भाजी' यावर मुलांना बोलायचे होते. एक चिमुरडी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला पडवळ आवडतं. पण त्या बाबांना आवडत नाही."

डिसेंबर २०२१ मध्ये शहरातल्या प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा चिरंजीव तिसरीत होते. फाटकापाशी सगळे पालक मुखपट्ट्या लावून उभे होते, त्यामुळे कोणीच कोणाला ओळखत नव्हते आणि मी निर्धास्त होतो. चिरंजीवांना एवढेच म्हणालो, "डबा पूर्ण संपव रे." शेजारी उभ्या असलेल्या एका आईने झटकन मान वळवली, मला आपादमस्तक न्याहाळले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "आज पडवळ नाही ना दिलंय?"