चिंतामणी की शेवाळी

"ड्रमसेटचं फिनिश कुठलं?" मुंबईच्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं.

"हिरवट आहे," मी म्हणालो.

पलीकडे इतका वेळ शांतता, की फोन कटला की काय ते मी बघून घेतलं. मग तो म्हणाला, "हिरवट नावाचं फिनिश लुडविगने कधी काढलेलं नाही. मुळात ग्रीन स्पार्कल असेल तर एक भाव. ब्लू स्पार्कल पिवळं पडून हिरवं दिसत असेल तर वेगळा भाव. उन्हात बघा आणि कळवा."

लुडविग ही शिकागोची ड्रम बनवणारी कंपनी. तिचा हा ड्रमसेट माझ्याकडे कॅम्पातल्या एका जुन्या हॉटेल-बँडवाल्याच्या घरून आला. त्यांना माळा रिकामा करायचा होता. मला माळाच नाही, म्हणून मी तो विकायला काढला. एवढीच पूर्वपीठिका. मला वाजवता येत नाही आणि त्याबद्दल सोसायटीने आजवर माझे आभार मानलेले नाहीत.

बाकीची ओळख पटायला त्रास नव्हता. पितळी बॅज कमानीच्या मधल्या दगडासारखा, वर रुंद खाली निमुळता, म्हणजे साठचं दशक. आत लाल शाईत १९६६ चा शिक्का. भांडण फक्त रंगाचं. हा रंग ब्रशने मारलेला नसतो. लाकडी नळकांड्याभोवती सेल्युलॉइडचं शीट चिकटवतात, त्यात चमकीचे कण असतात आणि वर पारदर्शक थर. हा वरचा थर वर्षानुवर्षं उजेड खाऊन पिवळा पडतो. निळ्यावर पिवळं आलं की काय होतं हे चित्रकलेच्या तासाला बाहेर उभ्या केलेल्या मुलालाही ठाऊक असतं. हिरवा मुळातच कमी दिसतो म्हणून महाग. निळा पुष्कळ.

रविवारी सकाळी फ्लोअर टॉम, म्हणजे सेटमधला पायांवर उभा राहणारा मोठा ड्रम, उचलून पार्किंगमध्ये नेला. ऊन चांगलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका त्याहून आधी तिथे होते.

"काय रे हे? पिंप?"

"ड्रम आहे. रंग ओळखायचाय."

काका एका सरकारी खात्यात रंगकामाची बिलं तपासून निवृत्त झाले. "थांब," म्हणाले आणि वर जाऊन शेड कार्ड घेऊन आले. इमारत शेवटची रंगवली तेव्हाचं. एक डोळा मिटून एकेक चौकोन त्यांनी माझ्या ड्रमला लावायला सुरुवात केली.

"हा नाही. हाही नाही. हा आपल्या जिन्याचा. हा मी सुचवला होता, जनरल बॉडीत पाडला लोकांनी, आणि आता बघ भिंतींची काय दशा आहे ती." इथे जनरल बॉडीचा सविस्तर वृत्तांत झाला. कोणी अनुमोदन दिलं, कोण ऐन वेळी फुटला, चहा कोणाच्या खर्चाने झाला. मी ड्रम धरून उभा. "हं, हा बघ. ह्यात थोडा पांढरा घातला की झालाच."

"काका, हा मारलेला रंग नाही. शीट चिकटवलंय."

"म्हणजे सनमायका."

"सनमायका नव्हे, सेल्युलॉइड..."

"चिकटवलं ना? मग सनमायकाच. आमच्या ओट्याखाली आहे, ह्याच्यापेक्षा बरा. आणि ही चमकी कशाला?"

"स्टेजवरच्या दिव्यांत चमकावं म्हणून."

"मग वाजवणारा दिसणार कसा?"

ह्याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तेवढ्यात काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या, ड्रमकडे नजर टाकली आणि चालता चालता म्हणाल्या, "चिंतामणी आहे."

"हिरवा आहे," काका.

"हिरवा म्हणजे? पोपटी, शेवाळी, मेंदी, रामा? नुसता हिरवा काय असतो?"

मला मुंबईच्या माणसाचाच आवाज आल्यासारखं वाटलं. शिकागोच्या कारखान्याने रंगांची नावं ठेवायला लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमधली चार गिऱ्हाइकं नेली असती, तर आज जगभरच्या जुन्या ड्रमवाल्यांची निम्मी भांडणं झालीच नसती. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि पदराने ड्रमची एक बाजू खसखसून पुसली. मग पदर हुंगला.

"कापूर कसा गं बाई ह्याला?"

हे खरंच आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. अमेरिकेतल्या हायट बंधूंनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कंगवे, सिनेमाची रिळं, टेबल टेनिसचे चेंडू, सगळं ह्यातूनच झालं. जुनं शीट घासून गरम केलं की अजून वास येतो. मी हे सांगत असताना काकांनी हात जोडले की नुसतेच चोळले ते कळलं नाही.

"मूळ रंग दुमडीत बघायचा असतो," काकू म्हणाल्या. "साडी उन्हाने विटते, पण काठाच्या मुडपीत रंग राहतो. ह्याचं काही उचकटतं का?"

उचकटतं! पान ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ती धातूची घरं, म्हणजे लग, आतून सोडवता येतात. पान काढलं, एक लग सोडवला. खाली लगच्याच आकाराचा लख्ख निळा. साठ वर्षं ऊन न पाहिलेला. "चिंतामणीच," काकू म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या. मला वाटतं, जाणकार माणूस असा असतो. बघतो, सांगतो, जातो.

काका गेले नाहीत.

मी जरा बाजूला होऊन मुंबईला फोटो पाठवत होतो. निळा म्हणजे स्वस्त, त्यामुळे मजकूर जपून लिहीत होतो. मागून वास आला. वळून बघतो तर काकांच्या एका हातात चिंधी, दुसऱ्या हातात एनसी थिनरचा डबा.

"निळा आहे म्हणालास ना? मग वरचा हिरवा म्हणजे मळ. हे बघ, निघतोय."

निघत होताच. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते विरघळवण्यासाठीच हे थिनर जन्माला आलंय. चिंधीवर पिवळट चिकटा आणि ड्रमवर तळहाताएवढा आंधळा डाग. चमकी गायब, वरचा थर सुरकुतलेला.

"वाळला की येईल ठीक," काका म्हणाले.

येत नाही. आणि तसं जुनं शीट आता आणायचं कुठून?

मी मोठ्याने काही बोललो नाही, आणि राग त्याचाच येतोय. काकांची स्वतःची स्कूटर आहे. तिच्यावर कव्हर, कव्हरवर दोरी, दोरीवर कुलूप. तिला टेकून उभं राहिलं तरी वरून हाक येते. माझ्या वस्तूवर मात्र शेड कार्ड, थिनर, चिंधी, सगळं चालतं, कारण ते मदत करत असतात. मदतीला परवानगी लागत नाही आणि नुकसानभरपाईही नसते. वर जाता जाता त्यांनी विचारलंच, "रात्री वाजवणार नाहीस ना हे?" गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा संध्याकाळभर थरथरतात. तिथे काका पाणी वाटायला जातात.

शेवटचा उपाय म्हणून मी त्यांना आकडा ऐकवला. म्हटलं, काका, बीटल्सचा ड्रमर होता रिंगो स्टार, त्याचा ह्याच कंपनीचा, लंडनमध्ये १९६३ साली घेतलेला सेट २०१५ च्या लिलावात वीस लाख डॉलरच्या वर गेला.

काकांनी डागाकडे बघितलं.

"तो चांगल्या स्थितीत असणार," म्हणाले.

मुंबईचा माणूस सेट घेतोय. ब्लू स्पार्कलचा भाव, त्यातून फ्लोअर टॉमचे निम्मे वजा, टेम्पोचं भाडं माझ्याकडे. मी घासाघीस केली नाही. काल लिफ्टमध्ये काका भेटले. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला सांगत होते, की ह्याच्या पिंपाचा रंग कोणाला ओळखता येत नव्हता, शेवटी मीच काढून दिला. मग माझ्याकडे वळले.

"थिनरचा डबा तुझ्याकडे राहिलाय. झाकण घट्ट लाव, उडून जातं ते. अर्ध्याच्या वर होतं."