सिस्टर, पहिली चूक कोणावर?

सिस्टर, नमस्कार. ‘आम्ही वॉर्डात पेशंटवरच हात बसवला, आताची पोरं बाहुल्या आणि व्हिडिओ गेम खेळून डॉक्टर-नर्स होणार का?’ असं तुम्ही विचारलंत. तुमचा हात बसला, मान्य. पण तो बसेपर्यंत ज्यांच्या दंडात दोन-तीनदा सुई खुपसली गेली, त्यांना कोणी विचारलं होतं?

सीपीआरचंच, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचंच घ्या. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. वॉर्डात हे शिकायचं तर कुणाचं तरी हृदय बंद पडायची वाट बघायची. ते पडलं की शिकाऊ पोरीला आधी बाजूला सारतात, हे तुम्हाला मी काय सांगू! बाहुलीवर ती हात दुखेपर्यंत दाबू शकते. आणि ‘खेळणं’ म्हणून तुम्ही तिला हिणवलंत, तर सीपीआरच्या सरावाची ‘ॲन’ नावाची ती प्रसिद्ध बाहुली खरोखरच नॉर्वेच्या एका खेळणी बनवणाऱ्यानं, आस्मुंड लेर्डालनं, १९६०मध्ये आणली.

तुमचा भाचा पबजी खेळून सर्जन होणार नाही, निश्चिंत राहा. २००७च्या एका अभ्यासात गेम खेळणाऱ्या सर्जननी दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावात कमी चुका केल्या. पण मुळात ज्यांचे हात चपळ, तेच गेमकडे वळले असतील, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. ‘नाइट शिफ्ट’ हा गेम मला जास्त पटतो. अमेरिकेतल्या ३६८ इमर्जन्सी डॉक्टरांवर तो तपासला. गंभीर जखमी ओळखण्यात चूक होण्याचं प्रमाण गेम खेळलेल्यांत ५३ टक्के, नुसतं वाचलेल्यांत ६४. परीक्षाही संगणकावरच झाली, हे खरं. तरी फरक पडला.

हे मी नाशकात बसून का उगाळतोय? २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. आता २०२७ची पर्वणी तोंडावर आहे. पंचवीस जखमी एकदम आले तर आधी कोणाला उचलायचं, याचा सराव खऱ्या गर्दीवर कसा करणार?

सुकलेल्या बाळाची शीर शोधणं आणि नातेवाइकांशी बोलणं यंत्राला जमत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र बरंचसं खरं. शीर राहू द्या, नातेवाइकांचा सराव माणसंच सोंग घेऊन करून घेतात. ‘डॉक्टर कुठंय?’ म्हणून टेबलावर हात आपटणारा मामा तुम्ही आयुष्यभर पाहिलाय. आमच्या शिकाऊ पोरींसमोर तो एकदा वठवायला याल का? शनिवारी दुपारी सोयीचं पडेल.