‘कोकणात हेच ब्लेड वापरा’ : त्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘कोकणवासीयांनो, ब्लेड घेण्याआधी हे वाचा’ अशी सुरुवात. सांगणं थोडक्यात असं: सर्वांत धारदार ब्लेड तेच सर्वांत चांगलं, म्हणून जपानी घ्या, ब्लेड कसं आहे ते पहिल्याच दाढीत कळतं, खाऱ्या हवेत ते एका रात्रीत गंजतं, म्हणून टॉवेलने पुसून खोबरेलात बुडवून ठेवा, दोन महिने चालेल, सलूनवाले वापरतात ते डोळे झाकून आणा, आणि जुनी ब्लेडं माडाच्या आळ्यात टाका, माडाला लोह मिळतं. यात थोडंफार खरं आहे आणि त्याच्या जिवावरच बाकीचं खपतंय.

धारेपासून सुरू करू. जपानचं फेदर ब्लेड अतिशय धारदार असतं, याबद्दल वाद नाही. पण दुधारी ब्लेड म्हणजे साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड पातं. रेझर ते किती घट्ट धरतो आणि त्याची कड किती बाहेर काढतो, यावर ते गालावर कसं चालणार हे ठरतं. एका रेझरमध्ये लोण्यासारखं फिरणारं ब्लेड दुसऱ्यात थरथरतं. दाढी राठ आणि हात हलका असेल, तर जास्त धारेचं सुख मिळतं. रेझर दाबून ओढायची सवय असेल, तर तेच ब्लेड केसाबरोबर कातडीही खरवडून नेतं. म्हणजे चुलत्याला मानवलेलं ब्लेड पुतण्याला सोलून काढू शकतं, आणि दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

‘पहिल्याच दाढीत कळतं’ हे तर सपशेल चूक. बहुतेक ब्लेडच्या धारेवर टेफ्लॉनचा अतिपातळ लेप असतो. पहिल्या काही ओढींत तो टोकावरून सरकतो, त्यामुळे काही ब्लेडं पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतात. उलट काही पहिल्या दिवशी झकास आणि तिसऱ्या दिवशी केस उपटायला लागतात. शिवाय त्या पहिल्या दाढीला केस किती भिजले होते? कोरड्या केसापेक्षा नीट भिजलेला केस कितीतरी कमी जोरात कापला जातो. घाईत तोंडावर पाणी मारून दाढी केली आणि ‘ब्लेड बेकार’ म्हटलं, तर त्यात ब्लेडचा काय दोष?

तपासायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. रेझर तोच, साबण तोच, वेळ आंघोळीनंतरची, आणि खुंट दर वेळी तेवढ्याच दिवसांचे. एका ब्लेडने लागोपाठ तीन दाढ्या झाल्या की दुसरं लावा. ब्लेड घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवायला सांगितलंत तर आणखी उत्तम. पाकिटावरचं नाव दिसलं नाही की मतं पटापट बदलतात. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवा. गालावर गार लागली आणि हनुवटीखाली सणकून झोंबली, तर तिथे कातडी खरवडली गेली आहे, आरसा काहीही सांगो. आणि निकाल लगेच लावू नका. एप्रिल-मे महिन्यात दाढी करून हापूसच्या पेट्या भरायला बसलात की दुपारी घाम मानेवर उतरतो. तेव्हा आग होते की नाही, ते बघा.

आता गंज. या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. आपल्या दादा-आजोबांच्या काळातली ब्लेडं कार्बन पोलादाची होती आणि ती खरोखरच पटकन गंजायची. पुसा, तेल लावा, हे शहाणपण तेव्हाचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि मग बाकीच्यांनाही त्या वाटेने जावं लागलं. या पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य थर गंज थोपवतो. मिठातलं क्लोराइड मात्र हा थर ठिकठिकाणी भेदतं, आणि रेझरच्या टोपीखाली पाणी साचून राहिलं तर जास्तच. त्यामुळे किनाऱ्यालगत, वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ होतं तिथे, काळजी घ्यायलाच हवी. शेवटची धुणी गोड्या पाण्याची, मग रेझर सैल करून झटकायचा आणि मोरीतून बाहेर वाऱ्याला ठेवायचा. टॉवेलने धार मुळीच पुसू नका. लेप निघतो, धार दुमडते आणि कधी बोटही कापतं.

खोबरेलाने हवा आणि पाणी अडतं, हे मान्य. पण ब्लेड मुख्यतः गंजून मरत नाही, केस कापून मरतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे सूक्ष्म टवके उडवतो. उडालेला टवका कुठल्याही तेलाने भरून येत नाही. तेव्हा ‘दोन महिने’ हा नुसता आकडा आहे. (जानेवारीच्या पहाटे थिजलेल्या खोबरेलातून ब्लेड उकरून काढण्यात काय मजा आहे, हेही मेसेज लिहिणाऱ्याने एकदा करून पाहावं.)

सलूनचा दाखला ऐकायला वजनदार वाटतो. पण न्हावी काय करतो ते नीट बघा. कागदात गुंडाळलेलं ब्लेड उभं मोडून तो अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो, एका गिऱ्हाइकाची दाढी झाली की फेकतो. त्याला एका दाढीपुरती धार हवी, स्वस्त हवी आणि रोज ढिगाने हवी. कोन राखायला त्याचा मुरलेला हात आहे. ते ब्लेड तिसऱ्या दाढीला कसं चालतं, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नाही.

उरलं माडाचं आळं. जे ब्लेड ‘एका रात्रीत गंजतं’ म्हणून तेलात बुडवायचं, तेच आळ्यात टाकलं की लोहाचं टॉनिक कसं होतं? जांभ्याची माती लाल आहे ती लोहाच्या ऑक्साइडमुळेच, तिला आपल्या ब्लेडची गरज नाही. पण पावसाआधी आळं उकरायला येणाऱ्या गड्याच्या हाताला मात्र ते ब्लेड हमखास सापडेल. झाकणाला चीर पाडलेला एखादा जुना पत्र्याचा डबा मोरीजवळ ठेवा आणि वापरलेली ब्लेडं त्यात टाका.