बर्नार्ड यांच्या पत्रांची संहिता
फ्रान्समधील क्लेर्व्हो येथील बाराव्या शतकातील ख्रिस्ती मठाधिपती बर्नार्ड यांच्या पत्रांसाठी माबियों यांनी संपादिलेली १६६७ ची आवृत्तीच प्रमाण मानावी, असे एका लेखात म्हटले आहे; ते मत मला मान्य नाही. माबियों यांचे ऋण मोठे आहे, आणि मीन्य यांच्या एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती लेखकांच्या ग्रंथमालेमुळे माबियों यांची संहिता सर्वदूर पोहोचली. परंतु ल्क्लेर्क आणि रोशे या संपादकांनी १९७४ व १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रांच्या खंडांमागील हस्तलिखितांच्या अभ्यासातून स्पष्ट होते की, बर्नार्ड यांच्या हयातीतच त्यांचे लेखनिक जॉफ्रुआ यांनी निवडक पत्रांचा संग्रह सिद्ध केला होता आणि त्याची पुढे वाढत गेलेली तीन रूपे हस्तलिखितांतून टिकली. बर्नार्ड यांनी रॉबर्ट या आपल्या नातलगाला लिहिलेले, मला फार प्रिय असलेले पत्र संग्रहाच्या आरंभी येते, तेही कालक्रमामुळे नव्हे, संग्राहकाच्या निवडीमुळे.